रिकाम्या पिंजऱ्यातलं रक्त

मावशीने फोनवर सांगितलं ते एवढंच, की जनावरं खात नाहीत आणि काळी बिबटीण गेली. कशी गेली, कधीपासून आजारी होती, काही नाही. भाची प्राण्यांची डॉक्टर होती, शहरातल्या एका प्रयोगशाळेत दिवसभर रक्त तपासायची, तरी मावशीसाठी ती अजून चिंगीच होती.

"चिंगे, तुझी ती नळ्यांची पेटी घेऊन ये," मावशी म्हणाली. "आणि आल्या आल्या मला प्रश्न विचारत बसू नकोस."

चिंगीचं अर्धं लहानपण तिथे गेलं होतं. आई गेल्यावर मावशी आणि तिचे यजमान, म्हणजे काका, यांनीच तिला वाढवलं. गावाबाहेर एक दगडाची खाण बंद पडली होती. तिच्या कडेकडेने काकांनी एकेक करून पिंजरे बांधले होते. मोडलेल्या सर्कशींतले, हौसेने पाळून मग नकोसे झालेले, सापळ्यात पाय गमावलेले बिबटे, प्यूमा आणि रानमांजरं तिथे यायची आणि मरेपर्यंत राहायची. काका गेल्यापासून मावशी आणि मुकादम, दोघंच सगळं सांभाळत होते. मुकादम मांस कापायचा, पिंजरे धुवायचा आणि बोलायला माणूस मिळालं की थांबायचा नाही.

चिंगी पोचली तेव्हा दुपारच्या खाण्याची वेळ झाली होती. मुकादम मांसाची हातगाडी ढकलत होता आणि गाडीचं चाक नेहमीसारखं किंचाळत होतं. एके काळी तो आवाज आला की सगळी जनावरं गजांना येऊन चिकटायची, एकमेकांवर गुरगुरायची, कान बधिर व्हायचे. आज कुणी हूं की चूं केलं नाही. सगळी उभी होती, पण गाडीकडे पाठ करून. लंगडा बिबट्या, प्यूमा, कानांवर काळे झुपके असलेलं रानमांजर, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. तिकडे खाणीच्या टोकाचा शेवटचा पिंजरा होता, आणि तो रिकामा होता.

"हे काय चाललंय?" चिंगीने विचारलं.

"रोजचंच आहे, ताई," मुकादम म्हणाला. त्याने मांसाचा तुकडा आत टाकला. तो प्यूमाच्या पायाशी पडला, तरी तिने मान वळवली नाही. "दुपारी एवढा वेळ अशीच उभी राहतात. मग खाल्लं तर खातात. मी तर तिकडे बघतही नाही. मांजरांनी बघावं, मी माझं झाडू मारावं."

"मावशी कुठे आहे?"

"बाई आंघोळीला गेल्या असतील," तो घाईने म्हणाला आणि गाडी पुढे ढकलली.

शेवटच्या पिंजऱ्यात म्हातारी राहायची. ती वाघीण काकांनी बाटलीने दूध पाजून वाढवलेली होती, पुढे मोतीबिंदूने आंधळी झाली. दुपारी काका तिच्याजवळ जाऊन फळ्यांच्या चौथऱ्यावर आडवे व्हायचे. मावशी ओरडायची, मुकादम कपाळावर हात मारायचा, काका हसायचे. एका दुपारी ते आडवे झाले ते उठलेच नाहीत. छाती बंद पडली होती. म्हातारीने त्यांना ओरखडासुद्धा काढला नाही. आपली हनुवटी त्यांच्या छातीवर ठेवून ती पडून राहिली आणि संध्याकाळपर्यंत कुणालाही जवळ येऊ दिलं नाही. शेवटी मुकादमाने भुलीची सुई मारली. त्या वयात तेवढी भूल तिला झेपली नाही. दोघांनाही एकाच दिवशी बाहेर काढावं लागलं, आणि मावशीने पिंजऱ्याला कुलूप घातलं.

मावशी केस पुसत आली तेव्हा चिंगीला ओळखायला क्षणभर वेळ लागला. बाई निम्मी झाली होती. गालांची हाडं वर आली होती, ओठ पांढुरके पडले होते. अंगात काकांचा जाडजूड लोकरीचा कोट होता. बाहेर ऊन रणरणत होतं.

"मावशी, तुला बरं नाहीये."

"मी काय पिंजऱ्यात आहे?" मावशी म्हणाली. "जनावरांना बघायला बोलावलंय, त्यांना बघ."

चिंगीने त्याच दुपारी काम सुरू केलं. प्यूमाला काकांनीच शिकवलं होतं. गजांना पाठ लावून ती बसायची आणि शेपूट फटीतून बाहेर द्यायची. चिंगीने शेपटीची शीर चाचपली, स्पिरिट लावलं, सुई घातली. रक्त आलं ते पाण्यात लाल रंग कालवल्यासारखं पातळ. जांभळ्या झाकणाच्या नळीत ते भरत असताना प्यूमा हललीसुद्धा नाही. लंगड्या बिबट्याला मात्र अरुंद पिंजऱ्यात घेऊन एका बाजूची जाळी आत सरकवावी लागली. एरवी त्याने मुकादमाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. आज तो नुसता धापा टाकत राहिला. त्याच्या हिरड्या खडूसारख्या होत्या, आणि कानाच्या आत, घडीमध्ये, राखाडी गोचिडी द्राक्षांच्या घोसासारख्या लटकल्या होत्या.

"ह्या कुठून आल्या?" चिंगीने चिमट्याने एक ओढून काढली. "पाठीवर टाकायचं औषध चालू आहे ना?"

"चालू आहे. पण बाटली पत्र्याखाली उन्हात राहिली वर्षभर. आता त्यात औषध किती नि आठवण किती, देव जाणे." मुकादमाने मान खाजवली. "आणि ताई, खाली सिमेंट, रोज धुणं. गवताची काडी नाही. काकांच्या वेळी शोधून एक सापडत नव्हती."

काकांच्या जुन्या खोलीत सूक्ष्मदर्शक होता. चिंगीने काचपट्ट्यांवर रक्ताचा थेंब पसरला, वाळवला, जांभळा रंग चढवला आणि डोळा लावला. पहिल्याच पट्टीवर दिसलं. लाल पेशींच्या आत चिमुकल्या अंगठ्या बसल्या होत्या, एकेका पेशीत एक, कुठे दोन. गोचिडीच्या तोंडातून येणारा जंतू. तो पेशीत शिरतो, वाढतो, पेशी फोडतो आणि पुढच्या पेशीत जातो. प्यूमाच्या रक्तात तो होता, लंगड्याच्या होता, रानमांजराच्याही होता. प्रत्येक पिंजरा वेगळा, मध्ये भिंती, तरी सगळ्यांत. गोचीड एवढं चालत नाही. ती कुणाच्या तरी अंगावर बसून जाते.

जेवताना तिने मावशीला शेवटच्या पिंजऱ्याची किल्ली मागितली.

"हरवली," मावशी म्हणाली. पाव तिने हातात नुसता कुस्करला होता, खाल्ला नव्हता.

"मग कुलूप तोडू. गोचिडींचं मूळ शोधायचं तर कोपरान् कोपरा बघावा लागेल."

"तिथे काही नाही. दीड वर्ष तिथे कुणी राहत नाही. उपाशी गोचिडी जगतात का इतके दिवस?"

"जगतात," चिंगी म्हणाली. "फटीत बसून वाट बघतात."

मावशीने तिच्याकडे पाहिलं आणि ओळखीचं कुणी अचानक भेटावं तसं हसली. "हो ना? मलाही तसंच वाटतं," ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या जनावरांची रक्तं घेण्यात सकाळ गेली. दुपारी पुन्हा तेच झालं. सगळी जनावरं उठली, वळली, उभी राहिली. पापणी हलत नव्हती. मग एकाएकी, कुणी दोरी सोडावी तशी, ती सगळी सैल पडली आणि आपापल्या कोपऱ्यात जाऊन बसली. चिंगी तेव्हा खोलीच्या खिडकीशी काचपट्ट्या धूत होती. तिने हात पुसले आणि पांढऱ्या फ्लॅनेलचा तुकडा घेऊन खाणीच्या टोकाकडे निघाली. मुकादम गाडीपर्यंत आला आणि थांबला.

"मी इथे आहे, ताई. हाक मारा. म्हणजे, येईनच असं नाही, पण मारा."

कुलूप नुसतंच अडकवलेलं होतं. त्याला तेल घातलेलं होतं. दार आवाज न करता उघडलं.

आत स्वच्छ होतं. मागे खडकात कोरलेली गुहेसारखी खोली, तिच्यात फळ्यांचा चौथरा, चौथऱ्यावर पेंढा. पेंढा जुना असायला हवा होता, कुजलेला. तो ताजा होता आणि त्यावर दोन खळगे पडले होते. एक लांब आणि अरुंद. दुसरा त्याच्याशेजारी, रुंद, खोल, गोलसर. चिंगीने लांब खळग्यात हात घातला. पेंढा कोमट होता. मग, का ते तिचं तिलाही कळलं नाही, तिने दुसऱ्या खळग्यात हात घातला. तोही कोमट होता.

ती चौथऱ्याजवळ उकिडवी बसली आणि स्वतःला बजावत राहिली की दुपारची उष्णता आहे, खडक तापलाय. तिला आपलाच श्वास ऐकू येत होता. आणि तेव्हा फळ्यांच्या फटी हलायला लागल्या. आधी तिला वाटलं डोळ्यांपुढे अंधारी आली. मग दिसलं. फटीफटींतून गोचिडी बाहेर येत होत्या, चपट्या, तपकिरी, पुढचे दोन पाय वर धरून. त्यांना डोळ्यांचं काम नसतं, त्यांना श्वास कळतो. तिने श्वास सोडला की त्या पुढे सरकायच्या. तिने रोखला की थांबायच्या. पुन्हा सोडला, पुन्हा सगळ्या एकदम पुढे.

तिने फ्लॅनेल पसरलं, गोचिडी त्यावर चढू दिल्या, चिमट्याने बाटलीत टाकल्या आणि मागे न बघता बाहेर आली. खोलीत जाऊन तिने कपडे झटकले, केस विंचरले, अंगाचा कण न् कण तपासला. तिच्यावर एकही नव्हती. मग ती बाटली घेऊन बसली.

बहुतेक उपाशी होत्या, पण काही टम्म फुगलेल्या. म्हणजे हल्लीच प्यालेल्या. कुणाचं? पिंजऱ्यात दीड वर्ष जनावर नव्हतं. तिने एक फोडली आणि पोटातल्या काळपट रक्ताची पट्टी केली. बऱ्याच पेशी पचून गेल्या होत्या, थोड्या शाबूत होत्या. त्यांत अंगठ्या होत्याच. पण पेशी मोठ्या होत्या. सकाळपासून ती मांजरकुळातलं रक्त बघत होती, तिचा डोळा त्या आकाराला बसला होता. हे त्यातलं नव्हतं. तिने आपल्या बोटाला सुई टोचली, आपल्याच रक्ताची पट्टी केली आणि दोन्ही पट्ट्या आलटून पालटून पाहिल्या. आकार जुळत होता.

ते माणसाचं रक्त होतं.

तिला मावशीचा कोट आठवला. तो कोट घालून मावशी दुपारनंतर प्रत्येक पिंजऱ्याशी जायची, गजांना टेकून एकेकाचा कान कुरवाळायची.

पुढच्या दुपारी चिंगी खोलीत थांबली नाही. जनावरं वळायच्या आधीच ती पाण्याच्या टाकीआड जाऊन उभी राहिली. मावशी आली. चपला तिने पिंजऱ्याबाहेर काढल्या. कुलूप काढलं, आत गेली आणि त्या लांब खळग्यात उताणी झोपली. कोटाची बटणं तिने सोडली. तेवढ्यात मागे, एकेका पिंजऱ्यातून, जनावरं उभी राहिल्याचा आवाज आला. नखं सिमेंटवर घासली आणि मग सगळं शांत झालं.

चिंगी गजांशी गेली. "मावशी, बाहेर ये."

"हळू बोल," मावशी डोळे न उघडता म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय तिचा."

"कुणाचा?"

"तू कशाला विचारतेस? तुला माहितीये कुणाचा." तिने एक हात छातीच्या जरा वर, हवेत ठेवला होता, आणि तो हात हळूहळू पुढे मागे फिरत होता, कपाळावरून फिरावा तसा. "जड आहे गं. पहिल्यांदा श्वास घेववत नव्हता. मग कळलं, तुझ्या काकांनाही असंच वाटलं असणार शेवटी. घाबरले नसतील ते. चिंगे, मला एवढंच हवं होतं. ते घाबरले होते का, एवढंच."

तिच्या मानेवर, कानामागे, कोटाच्या कॉलरशी, राखाडी दाणे चिकटले होते. चिंगीला आता ते इथूनही दिसत होते.

"तुला ताप आहे. तापात माणसाला वाटेल ते वाटतं. इथल्या गोचिडी तुझं रक्त पितायत आणि त्याच तू कोटातून सगळ्यांकडे नेतेस. प्यूमाकडे, लंगड्याकडे. काळी बिबटीण त्याने गेली, मावशी. तू गजांतून तिचे कान चोळायचीस."

मावशीचा हात हवेत थांबला. तिने डोळे उघडले.

"माझ्यामुळे?"

"हो."

"खात्रीने सांगतेस?"

"मी तीनदा बघितलं."

मावशी उठायला गेली आणि तिला उठता येईना. ती नुसती चिंगीकडे बघू लागली. चिंगी दार ढकलून आत धावली. ती चौथऱ्यावर चढली, मावशीच्या काखांत हात घातले आणि ओढलं. मावशी आता मूठभर राहिली होती, लहान मुलासारखी उचलली जायला हवी होती. ती हलली नाही. चिंगीने पुन्हा ओढलं. मावशीचा श्वास घुसमटत होता, छाती वर येत नव्हती. चिंगीने तिच्या छातीवर हात ठेवला, का ते तिला ठाऊक नव्हतं, आणि तिच्या तळव्याला केस लागले. दाट, खरखरीत, गरम. खाली हाड. ते हाड श्वासासरशी उचललं गेलं आणि खाली आलं.

तिने हात काढला नाही. काकांनी शिकवलं होतं, जनावराजवळ असताना हात झटकायचा नाही. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "म्हातारे, सोड तिला. ती आजारी आहे."

मग हाताखाली नुसता कोट होता. मावशी एकदम हलकी झाली आणि दोघी पेंढ्यावरून खाली घसरल्या. बाहेर मुकादम उभा होता. हाक न मारताच तो आला होता.

मावशीला त्याच दुपारी दवाखान्यात नेलं. तिच्या रक्तात तीच अंगठी सापडली. तिथल्या डॉक्टरांनी माणसात असलं कधी पाहिलं नव्हतं. चिंगीने आपल्या साहेबांना फोन करून औषधं विचारून घेतली, मग त्यांनी ती दिली. ताप उतरायला बरेच दिवस लागले. मुकादमाने चौथऱ्याच्या फळ्या उपटल्या आणि पिंजऱ्यातच जाळल्या. फटींतून तडतड आवाज येत राहिला. कोटही त्यातच गेला. आग्रह मावशीचाच होता. नवं औषध आलं, जनावरांना सुया दिल्या. रानमांजर वाचलं नाही. बाकीची सावरली, आणि एका दुपारी लंगड्याने गाडीचं चाक ऐकून गजांवर अशी उडी घेतली की मुकादमाच्या हातातली बादली पडली.

दवाखान्यात मावशी उशीला टेकून सूप पीत होती. तिच्या मानेवर डागांची रांग राहिली होती.

"चिंगे, खरं सांग," ती म्हणाली. "मला ओढत होतीस तेव्हा तुला काही लागलं हाताला?"

चिंगीने आपलं रक्त तपासलं होतं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. त्यात काही नव्हतं. तिला ताप आला नव्हता, अंगावर एक गोचीड चढली नव्हती. नाही म्हणणं सोपं होतं, आणि डॉक्टर म्हणून तेच बरोबर होतं.

"लागलं," ती म्हणाली.

मावशीने चमचा खाली ठेवला. तिचे डोळे भरले नाहीत. ती विचारात पडली, हिशेब चुकल्यासारखी.

"मग ती मला सोडून का गेली?"

"मी सांगितलं तिला, तू आजारी आहेस म्हणून."

"आणि तिने ऐकलं?"

"लगेच."

"माझं कधी ऐकलं नाही मेलीने," मावशी म्हणाली आणि पुन्हा चमचा उचलला. सूप निवलं होतं. तिने नर्सला हाक मारली आणि ते गरम करून आण म्हणून तिच्याशी भांडायला लागली.